भरलेल्या गाडीचा रकाना

जानेवारीतल्या एका मंगळवारी माझी बायको स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेली. छातीत दुखतं आहे, असं ती म्हणाली होती. मी शेजारी बसलो होतो. अकरा वाजता तिथेच ती वारली. दुपारी गाडी मी घरी आणली.

त्याआधी ती गाडी मी कधी चालवली नव्हती. घरातली वाहनं तीच चालवायची. ती पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होती आणि तिची नोकरी खात्याच्या जीपमधून, कालव्यांच्या कडेकडेनं झाली होती. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, सायकलवर जाऊन येत असे. निवृत्त झाल्यावर तिनं दुसऱ्यानं सहा वर्षं वापरलेली एक जर्मन बनावटीची मोठी गाडी घेतली, गडद निळ्या रंगाची. नागपुरात, सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत ती वळायला तीनदा पुढेमागे करावी लागली. माझे सासरे आमच्याकडेच राहतात. ते काठी टेकत बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "काहून वं, मंत्री झाली का तू?"

"मंत्र्याच्या गाडीले एवढी मऊ सीट नसते बाबा. बसून तर पाहा."

सासरे बसले आणि बराच वेळ उतरलेच नाहीत. मागची सीट त्यांच्या पाठीला अशी मानवली होती की ते तिथेच पेपर मागवून वाचत बसले. गाडी कोणासाठी घेतली होती हे मला तेव्हा कळलं.

त्या गाडीत एक खोट होती, ती म्हणजे तिची चाकं. आधीच्या मालकानं हौसेनं मूळची चाकं काढून एकोणीस इंची चाकं बसवली होती. काळी, पातळ आऱ्यांची. दिसायला देखणी होती हे कबूल केलं पाहिजे, गल्लीतली माणसं थांबून पाहायची. पण चाकाचा बाहेरचा घेर प्रत्येक गाडीला ठरवून दिलेला असतो. तो बदलला की वेगाचा काटा चुकीचं सांगू लागतो. त्यामुळे आतली धातूची रिम मोठी घेतली की तेवढं रबर कमी होतं. एकोणीस इंची रिमवर जेमतेम चार बोटं उंचीचं रबर उरलं होतं. आपल्याकडच्या सिमेंटच्या रस्त्यांना दर काही फुटांवर सांधा असतो. तो प्रत्येक सांधा सीटपर्यंत पोचायचा.

सुरुवातीला आम्ही ते हसण्यावारी नेलं. मग त्या पावसाळ्यात सासरे न्हाणीत घसरले आणि त्यांच्या पाठीचा एक मणका दबला. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि धक्के टाळायला सांगितलं. त्यानंतर बायको चाकांच्या मागे लागली.

तिची काम करण्याची पद्धत मी आयुष्यभर पाहिली होती, पण आमच्या पोर्चमध्ये पहिल्यांदाच पाहत होतो. तिनं एक लांबट वही घेतली, खात्यात मोजमापाला वापरतात तशी. पानावर उभे रकाने आखले. टायरची रुंदी, रबराची उंची, रिमचा व्यास, पाच बोल्टांमधलं अंतर, मधल्या भोकाचा व्यास, चाक मडगार्डच्या बाहेर किती येतं आणि आत किती जातं. मडगार्डच्या कडेवरून तिनं ओळंबा सोडला होता आणि त्याचा दोरा स्थिर होईपर्यंत ती श्वास रोखून उकिडवी बसली होती. तिचं वय तेव्हा अठ्ठावन्न होतं. मी चहा घेऊन उभा होतो आणि दोरा थांबेपर्यंत मलाही पाऊल उचलवलं नाही. एखादा आकडा चुकला तर ती तो खोडून टाकत नसे. त्यावरून एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी बारीक सही करायची. घरच्या वहीतही.

पानाच्या उजवीकडे तिनं मोठे दोन रकाने केले होते. एकावर लिहिलं होतं 'रिकामी' आणि दुसऱ्यावर 'भरलेली'.

ती गेली त्या मंगळवारी वहीचं काम अर्धवट होतं. एकोणीस इंची चाकांचं पान पूर्ण होतं. अठरा आणि सतरा इंचांची पानं आखलेली होती. सतराच्या पानावर समासात एवढंच होतं, 'ब्रेक?'

तिच्या अस्थी पवनीजवळच्या सासऱ्यांच्या गावी नेल्या. शेताच्या बांधावर त्या पुरून वर कडुनिंबाचं रोप लावलं. सासरे येऊ शकले नाहीत. एप्रिलमध्ये त्यांनी मला सांगितलं की, रोप पाहायचं आहे. नात्यातल्या कोणीतरी रुग्णवाहिका करू म्हटलं, तर ते म्हणाले, "तिच्यात मेल्यावर नेजा मले." त्यांना मुलीच्याच गाडीतून जायचं होतं. मी त्यांना मागे बसवलं, कमरेला उशी लावली आणि सकाळी सातला निघालो. दिघोरीच्या पुढे, शहर सुटतं तिथे, उमरेड रोडवर एक उंचवटा आहे. मी जमेल तेवढी हळू गाडी घातली. मागून आवाज आला. तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता, आणि तो सासऱ्यांचा आहे हे कळायला मला एक क्षण लागला. आरशात पाहिलं तर दाराच्या वरचं हँडल त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

"थांबवा जवाईबापू," ते म्हणाले. "आज नाही जमत."

हा माणूस चौदा वर्षांचा असताना आईबरोबर त्याच रस्त्यानं गावाहून नागपूरला चालत आला होता, छप्पन साली, दीक्षा घ्यायला. तीन दिवस चालले होते. आता त्याच रस्त्यानं दिघोरीच्या पुढे जाणं त्यांना जमत नव्हतं. परतताना ते मला सांगत राहिले की चूक तुमची नाही. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, पुण्यानुमोदनाला तरी जमेल का? म्हणजे वर्षाच्या कार्यक्रमाला, जानेवारीत. मी हो म्हणालो. कसं, ते मला माहीत नव्हतं.

मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून तिची वही काढली.

वाचण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही, म्हणून मी वाचू लागलो. टायरच्या बाजूवर उठवलेले आकडे ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या पाठीवरच्या क्रमांकासारखे असतात. ज्याला कळतात त्याला त्यातून सगळं कळतं. २२५, ५५, १७ म्हणजे दोनशे पंचवीस मिलिमीटर रुंद, त्या रुंदीच्या पंचावन्न टक्के उंच, आणि सतरा इंची रिमवर बसणारा. तिनं हे एका संध्याकाळी शिकून घेतलं असेल. मला दोन महिने लागले. पण त्या दोन महिन्यांत रोज सकाळी तिचं अक्षर समोर असायचं. तिनं एखादा प्रश्न किती नीट मांडला आहे हे पाहताना मी तिच्याबद्दल पुन्हा नव्यानं चकित होत असे. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्या कामाबद्दल इतकं कधी विचारलं नव्हतं.

शेवटी मी अठरा इंच ठरवले. रबर एकोणीसपेक्षा जास्त, देखणेपण सतरापेक्षा जास्त, आणि ब्रेकचा जो प्रश्न तिला पडला होता तो अठराला येत नव्हता. मी पोर्चमध्ये ओळंबा सोडला, तिच्यासारखा उकिडवा बसलो, 'रिकामी'चा रकाना मिलिमीटरपर्यंत भरला. 'भरलेली'चा रकाना मी सोडून दिला. तिथे तिनं एकोणीसच्या पानावर वरच्या बाजूला ५४, ६१, ७० असे तीन आकडे लिहिले होते, ते कशाचे आहेत ते मला उमगलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या शब्दाकडे मला पाहवत नव्हतं. ती नसताना गाडी भरलेली कशी म्हणायची?

वही घेऊन मी लकडगंजला गेलो. लाकडाच्या वखारींच्या मागे चाकांचं एक दुकान आहे. तिचं सगळं बोलणं त्याच दुकानदाराशी चाललं होतं. माणूस साठीचा, बुटका, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्याचे वडील त्याच जागेत बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचे. धाव लाल होईपर्यंत तापवायची, लाकडी चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं, की ती आवळून बसते. माप केसभर चुकलं तर एक तर धाव निघते, नाही तर चाक फुटतं. हे त्यानं मला नंतर सांगितलं. त्या दिवशी त्यानं आधी वही हातात घेतली, हात पुसून. ती गेल्याचं मी सांगितलं, तेव्हा कधी, हे विचारलं.

मी माझं अठराचं पान उघडून दाखवलं आणि भिंतीवरच्या एका चाकाकडे बोट केलं. त्यानं पान वाचलं.

"सर, हे चाक मी आजच तुम्हाले विकून टाकीन. तुम्ही खूश, मी खूश. पण मोजलं तेव्हा गाडीत कोण होतं?"

"कोणी नाही."

"मंग हे कोण्हाचं माप झालं? पोर्चचं झालं न."

तो म्हणाला की मॅडम रिकाम्या गाडीच्या मापावर कधीच थांबत नव्हत्या. धरणाचं दार पाण्याशिवाय तपासून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं होतं. माणसं बसली की गाडी खाली बसते, चाक मडगार्डच्या जवळ येतं, आणि खरं माप तेव्हा सुरू होतं. मग त्यानं विचारलं, गाडीत बसणार कोण आहे. मी सासऱ्यांबद्दल सांगितलं. दिघोरीचंही सांगितलं.

"काकाजीले इकडे नका आणू," तो म्हणाला. "मीच येतो रविवारी."

रविवारी सकाळी तो एका लहान टेम्पोतून आला. बरोबर जॅक होता आणि टायर चढवलेली दोन चाकं, एक अठराचं आणि एक सतराचं. सतराचं त्यानं मी न मागता आणलं होतं. सासऱ्यांना पट्टा बांधून आम्ही दोघांनी धरून मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसवलं.

"मले किती वेळा मोजता बाप्पा तुम्ही लोकं," सासरे म्हणाले. "तिनंबी मोजलं होतं. वजनकाट्यावर उभं केलं मले, भाजीवाल्यावानी. चोपन किलो भरलो."

मी वही उघडली. ५४ म्हणजे सासरे. ६१ ती. ७० मी. तिनं गाडी आम्हा तिघांसाठी मोजली होती, आणि मी तिघांनाही वगळून बसलो होतो. त्यातले एक तर रोज माझ्यासमोर जेवत होते.

दुकानदारानं मागच्या डाव्या बाजूला माझं अठराचं चाक बसवलं. मला चालकाच्या जागेवर बसायला सांगितलं. पुढची डावी सीट कोणाची, असं त्यानं विचारलं नाही. टायर आणि मडगार्डची कडा यांच्यामध्ये त्यानं वर्तमानपत्राची एक पट्टी सरकवली, डिकीवर दोन्ही हात टेकून गाडी खालीवर हलवली आणि पट्टी ओढली. पट्टी फाटून अर्धी हातात आली. मला उतरवून त्यानं आत अडकलेला तुकडा दाखवला.

"हे पोर्चमध्ये बसते. उमरेड रोडवर नाही बसत."

मग सतराचं चढवलं. पुन्हा पट्टी, पुन्हा तसंच हलवणं. पट्टी अख्खी निघाली. अठरामध्ये कमी बाहेर येणारं दुसरं एखादं बसेल, तो म्हणाला, महागातलं, आणि गल्लीत लोक पाहतीलही. पण काकाजींच्या पाठीला सतराच हवं. बोटभर रबर जास्त मिळतं. त्यानं स्वतःचं अंगठ्याजवळचं बोट आडवं धरून टायरच्या बाजूला लावून दाखवलं.

मी त्याला समासातला 'ब्रेक?' दाखवला. लहान रिमच्या आत पुढच्या ब्रेकचा, चकती पकडणारा जबडा मावेल की आऱ्याला घासेल, हा तो प्रश्न होता.

"घरात कणीक आहे का?" त्यानं विचारलं.

कणीक होती. अलीकडे मीच मळत असे. त्यानं लिंबाएवढा गोळा घेतला, पुढचं चाक उतरवलं, गोळा ब्रेकच्या जबड्यावर चिकटवला, सतराचं चाक बसवून हातानं एक पूर्ण फेरा दिला आणि काढलं. गोळ्याची चपटी वडी झाली होती आणि तिच्यावर आऱ्याचा ठसा उमटला होता. जितकी जाड वडी उरली तितकी मोकळी जागा. ही मॅडमचीच युक्ती, तो म्हणाला. त्या स्वतः डब्यातून कणीक घेऊन दुकानात आल्या होत्या, डिसेंबरच्या शेवटी. तेव्हाही अशीच वडी निघाली होती. घरी वर्निअरच्या बारीक मापपट्टीवर मोजून वहीत लिहीन म्हणून घेऊन गेल्या.

मला आठवलं. फेब्रुवारीत गाडी साफ करताना डॅशबोर्डच्या कप्प्यात, वहीच्या खाली, स्टीलच्या डबीत मला काहीतरी वाळलेलं सापडलं होतं. काळपट, चपटं, मधे खाच असलेलं. ती गाडीत काही खात नसे, तरी मला ते उरलेलं खाणं वाटलं. मी ते कुंपणाच्या भिंतीवर चिमण्यांना टाकलं होतं. तिनं विचारलेला शेवटचा प्रश्न आणि त्याचं उत्तर दोन्ही एकाच कप्प्यात होती, आणि त्यातलं उत्तर मी फेकून दिलं होतं. मी हे त्या दुकानदाराला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, सांगायलाच हवं असं वाटलं.

त्यानं हातातली ओली वडी माझ्या तळहातावर ठेवली.

"जाऊ द्या सर. ही घ्या, मोजा."

तिच्या खणातून मी वर्निअर आणला. चार मिलिमीटर. तीन पुरतात, तो म्हणाला. सासरे गाडीतून ओरडून विचारत होते की माझं माप झालं असेल तर मला चहा मिळेल का.

सतराच्या पानावर, 'भरलेली'च्या रकान्यात मी पहिल्यांदा लिहिलं. ग्रंथपालाच्या सवयीनं एकोणीसच्या पानावरचे तीन आकडे उतरवले, ५४, ६१, ७०. मग ६१ वर एकच रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी सही केली.

चारही चाकं आठवडाभरात बसली. मूळची चाकं जशी होती तशीच, साध्या पाच आऱ्यांची, चंदेरी. गल्लीत कोणी थांबून पाहत नाही. दुकानदारानं प्रत्येक चाक बसवल्यावर बोल्ट हातानं आवळले, गाडी जॅकवरून उतरवली आणि मग पान्यानं पुन्हा आवळले, एकाआड एक, ताऱ्याच्या क्रमानं. चौथ्या चाकापर्यंत त्याची गती जराही वाढली नाही. पुस्तकं लावताना मी इतका सावकाश कधी नव्हतो.

जानेवारीत आम्ही निघालो. दिघोरी आली तशी मी गाडी पहिल्या गिअरवर आणली आणि आरशात पाहिलं. सासऱ्यांचा एक हात हँडलवर होता. उंचवटा आला, पुढची चाकं चढली, उतरली, मागची चढली, उतरली. मी पुढे जात राहिलो.

"ते गेलं का?" सासऱ्यांनी विचारलं.

"गेलं."

"मले वाटलं, अजून यायचं आहे."

उमरेडला त्यांनी चहा घेतला आणि दोन भजी खाल्ली, जी त्यांना मना आहेत. भिवापूरच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि काच खाली करून रस्त्याच्या पलीकडे बोट दाखवलं. तिथे एक विहीर होती, ते म्हणाले, चालत येताना त्या विहिरीवर आईनं त्यांच्या पायांवर पाणी ओतलं होतं. आता तिथे विटांचा ढीग होता. ते तिकडे पाहत राहिले, मग चला म्हणाले.

गावात भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. बांधावर जायला सासऱ्यांना दोन्हीकडून धरावं लागलं. त्यांना वाकता येत नाही, आणि मला वाटेत तीच काळजी होती. पण रोप वर्षभरात त्यांच्या छातीपर्यंत आलं होतं. वाकायची गरज पडली नाही. त्यांनी उभ्या उभ्याच शेंड्याची कोवळी पानं तळहातावर घेतली.

"माह्या पाठीची हिले लय काळजी," ते म्हणाले. माझ्याकडे न पाहता, पानांकडे पाहत.

आता गाडी पोर्चमध्ये असते. चाकं सतरा इंची आहेत. दर महिन्याला आम्ही दोघं पवनीकडे जातो, सासरे मागे डावीकडे बसतात, पुढची डावी सीट रिकामी असते. वही पुन्हा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे, आणि वहीवर स्टीलच्या डबीत त्या रविवारची, आता वाळलेली कणकेची वडी आहे.